नव्वदच ना?

पन्हाळ्याहून उतरताना आमच्या जीपचा दुसरा गिअर निसटू लागला. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा काढला की लिव्हर टुणकन न्यूट्रलमध्ये येई आणि गाडी उतारावर मोकळी सुटे. त्यामुळे शेजारच्या आसनावर बसून लिव्हर दोन्ही हातांनी दाबून धरण्याचे काम पत्नीकडे आले. सहा महिने तिने ते विनातक्रार केले. सातव्या महिन्यात, "गाडी दोघांनीच चालवायची असेल तर दोघांच्या नावावर करा," असे तिने सुचवले, आणि मी गिअरबॉक्स खोलण्याचा निर्णय घेतला.

तो उतरवताना सांगण्यासारखे काही घडले नाही. मिस्त्री, त्यांचा पोऱ्या आणि मी अशा तिघांनी तो अर्ध्या दिवसात खाली घेतला. कोणता भाग कोणत्या तोंडाने बसतो हे पुढे कळावे म्हणून प्रत्येक भागावर मी पत्नीच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, आणि संध्याकाळी सगळे भाग स्वच्छ दिसावेत म्हणून थिनरमध्ये बुडवले. थिनरने तेल काढले, तसे ठिपकेही काढले.

दुखणे एका जागी नव्हते. सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या यंत्रणेच्या, पितळी रिंगांच्या आतले बारीक आटे झिजून आरशासारखे गुळगुळीत झाले होते, स्लीव्हच्या, म्हणजे गिअर गुंतवणाऱ्या सरकत्या कड्याच्या, दातांची टोके बोथट झाली होती, आणि वरच्या झाकणातल्या ज्या स्प्रिंगांनी गिअरला जागच्या जागी धरून ठेवायचे, त्या पेन्शनीत निघाल्यासारख्या वाटत होत्या. मी पुण्याला नाना पेठेतल्या एका दुकानात फोन लावला. "जीपच्या गिअरबॉक्सचे सिंक्रो हवेत," असे म्हणताच पलीकडून विचारणा झाली, "नव्वदच ना?" मी मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "नव्वदच."

येथे वाचकांना थोडी वंशावळ सांगणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला टी-८४ हा गिअरबॉक्स होता. युद्धानंतरच्या नागरी जीपला, म्हणजे आमच्या पेट्रोल सीजे-३बी मॉडेललाही, टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आला. पुढे महिंद्राच्या डिझेल जीपला जो चार गिअरचा बॉक्स बसला, त्याचे नाव केएमटी-९०. दोघांच्या नावात नव्वद आहे, परंतु नात्याने ते आडनावबंधूसुद्धा नाहीत. दुकानदाराच्या मनात दुसरा नव्वद होता, माझ्या मनात पहिला, आणि दोघांचाही आत्मविश्वास पूर्ण नव्वद टक्के होता.

पार्सल आले. नवी रिंग गिअरच्या शंकूसारख्या निमुळत्या कोनावर ठेवली, तर ती आजोबांची टोपी नातवाच्या डोक्यावर डुलावी तशी डुलू लागली. चांगली रिंग कोनावर दाबून किंचित फिरवली की घट्ट पकडते, आणि तिच्या दातांत व गिअरच्या दातांत थोडी फट उरते. आमची रिंग थेट तळाला जाऊन बसली. मिस्त्री म्हणाले, "चालू द्या की सायेब, चालून चालून बसंल आपोआप." जो भाग आताच जास्त बसला होता, तो आणखी कुठे बसणार, हे मला विचारवेना. पार्सल परत गेले, आणि आठ दिवसांनी दुसरा संच आला. त्या रिंगा इतक्या सुरेख पकडत होत्या की मी रात्री उशिरापर्यंत एक रिंग नुसतीच कोनावर फिरवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मेन शाफ्टवर गिअर, रिंग आणि हब (स्लीव्हच्या आतले चाक) असे ओळीने चढवले आणि शेवटी लॉक बसवायला गेलो, तर लॉकची खाच अर्धीच दिसत होती. जवळजवळ मिलिमीटरभर अंतर कमी पडत होते. मी व्हर्नियर काढला. गिअर मोजला, हब मोजला, शाफ्ट मोजला. प्रत्येक जण आपापल्या जागी निर्दोष होता आणि एकत्र आले की भांडण. दोन दिवस मापांची वही भरल्यावर मी या निष्कर्षाला आलो की हब मिलिमीटरभर तासून घ्यावा लागेल, आणि सगळी जुळणी उचलून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे नेली.

त्याने ती हातात घेतली. लेथच्या चकात (पकडीत) धरण्याआधी अंगठ्याने पितळी रिंग जराशी फिरवली. टक् असा आवाज झाला, हब खाली उतरला आणि खाच पूर्ण उघडी पडली. हबच्या तीन पट्ट्या रिंगेच्या तीन खाचांत बसायच्या असतात. माझ्या त्या खाचांच्या शेजारी, काठावर बसल्या होत्या. "किती झाले?" असे मी खिशात हात घालत विचारले. तो म्हणाला, "काम कुठं केलंय? तुमी चा घ्या."

त्यानंतर क्लस्टर गिअरच्या, म्हणजे एकाच नळीवरच्या जोड-गिअरच्या, आतल्या बेअरिंगच्या सुट्या सुया ग्रीसने चिकटवून बसवणे हा एक स्वतंत्र प्रकार झाला. मे महिन्यातल्या उकाड्याने ग्रीस पातळ होई आणि सोळावी सुई लावेपर्यंत तिसरी खाली पडे. शेवटी मी गिअर ग्रीससकट फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी, तासभर ठेवला. सुया जागेवर राहिल्या. घरात त्यावर जी चर्चा झाली ती येथे देत नाही.

क्लस्टरचा पुढचा-मागचा खेळ, म्हणजे हलायची मोकळीक, पुस्तकाप्रमाणे १२ ते १८ थाउ (इंचाचे हजारावे भाग) हवा. जुन्या वॉशरने तो २६ येई आणि नवा घातला की गिअर हलेचना. "सूतभर इकडं-तिकडं चालतंय," असा मिस्त्रींचा अभिप्राय होता. परंतु एका सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, १२५ थाउ असतात, तेव्हा त्या हिशेबाने जगातला कोणताही गिअरबॉक्स कशालाही बसला असता. नवा स्टीलचा वॉशर पुन्हा उद्यमनगरात ग्राइंडरवर पातळ करून आणला. फट मोजणारा फीलर गेज १४ वर सरकला, आणि मिस्त्रींनीही, "आता मापात हाय," असे म्हणून मापाला प्रथमच मान्यता दिली.

रविवारी आम्ही पन्हाळा चढलो आणि उतरायला लागलो. दुसरा गिअर टाकला, पाय काढला. लिव्हर हलली नाही. पहिले वळण गेले, दुसरे गेले, पायथा आला. मी विजयी मुद्रेने डावीकडे पाहिले, तर पत्नीचे दोन्ही हात लिव्हरवर घट्ट होते.

"सोड की आता," मी म्हणालो.

"वा!" ती म्हणाली. "मी धरलाय म्हणून तर राहिलाय."