रात्री अडीचला कळायचं होय?

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत 'यूज स्ट्रिक्ट' ही कडक तपासणीची ओळ लिहिली की व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ते तिथेच अडवतं. मग सबरूटीननं, म्हणजे नावानं बोलवायच्या कोडच्या तुकड्यानं, कुणाचं घोडं मारलंय? चुकीचं नाव कंसासकट लिहा, प्रोग्रॅम न चालवता नुसता तपासणारं 'पर्ल -सी' खुशाल सांगतं: सिंटॅक्स ओके! कसलं ओके? चार तास चाललेला जॉब रात्री अडीचला शेवटच्या टप्प्यावर आपटतो. 'अनडिफाइन्ड सबरूटीन'. एका अक्षरापायी!

वर पर्लवाले ऐकवतात, ऑटोलोड (नसलेल्या सबरूटीनची हाक झेलणारी सोय) असतं, सबरूटीन चालत्या प्रोग्रॅममध्येही तयार होतात, आधी कसं कळणार? अहो, माझ्या फाइलीत ऑटोलोड आहेच कुठे? अडवू नका, निदान इशारा तरी द्या! बी::लिंट नावाचं तपासणीचं मॉड्यूल ही चूक पकडायचं, तर पर्लच्या ५.२० आवृत्तीत तेही मूळ संचातून काढलं. आता सीपॅनवरून, म्हणजे पर्ल मॉड्यूलच्या ऑनलाइन भांडारातून, वेगळं आणा. प्रत्येक सर्व्हरवर. का म्हणून?