पाव्हना कोनता गावना?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे निघालेला, कूलरात नुकतंच पाणी ओतलेलं, आणि अशा मुहूर्तावर घरात नवा प्रिंटर येतो. निमित्त सातबाऱ्याचं, आधारच्या झेरॉक्सचं आणि पोरांच्या प्रोजेक्टचं. खोकं फुटतं, थर्माकोलचे दाणे घरभर होतात, आणि घरातला सर्वांत उत्साही माणूस सगळ्यात आधी केबल खुपसतो. तिथेच घात होतो.

खरं तर खोक्यातल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की आम्ही सांगेपर्यंत यूएसबी केबल जोडू नका. काही प्रिंटरांच्या तर केबलच्या भोकावरच तसा स्टिकर असतो. आपण तो नखानं खरवडून काढतो आणि मग केबल जोडतो. पत्रिकेतलं ‘कृपया आहेर आणू नये’ आपण जितक्या गांभीर्यानं वाचतो, तितक्याच गांभीर्यानं हे.

खान्देशात दारात आलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या धरतानाच विचारतात, “कोनता गावना शेतस भाऊ?” केबल जोडली की विंडोजही हेच विचारतं. वस्तूनं दोन आकडे सांगायचे: व्हेंडर आयडी म्हणजे घराणं आणि प्रॉडक्ट आयडी म्हणजे स्वतःचं नाव. दोन्ही चार-चार अंकी, आणि अंकांच्या रांगेत ए ते एफ ही अक्षरंही घुसलेली. या घराण्यातल्या या माणसाशी बोलायचं कसं, हे लिहिलेला कागद म्हणजे ड्रायव्हर. कागद आधीच घरात असला तर पाहुण्याचं स्वागत होतं. नसला तर विंडोज अंदाजानं कुठलातरी साधा ड्रायव्हर चिकटवतं, नाहीतर पिवळा त्रिकोण लावून पाहुण्याला ओसरीवर बसवतं. आणि एकदा ओसरीवर बसवलेल्याला नंतर दिवाणखान्यात घ्यायला ते सहजी तयार होत नाही.

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची वही, उघडायची. त्रिकोणावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. माझा आग्रह एवढाच, की तो कोड वाचल्याशिवाय कुणीही काहीही डाउनलोड करू नये. कोड २८ असेल तर पाहुणा गाव-नाव नीट सांगतोय, ओळखणारं घरात कुणी नाही. अशा वेळी डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडीज निवडायचं आणि ते दोन आकडे जसेच्या तसे शोधायचे. १ए८६ आणि ७५२३ दिसले तर ती सीएच३४० चिप, स्वस्तातल्या सीरियल केबलींमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीची यंत्रं यूएसबीला जोडणाऱ्या केबलींमध्ये, हटकून सापडणारी. अशाच केबलींतल्या पीएल२३०३ नावाच्या चिपची गंमत याहून भारी. तिच्या जुन्या पिढीला नवा ड्रायव्हर दिला की वस्तूच्या नावाच्या जागी चक्क मजकूर उमटतो की ही चिप २०१२ पासून बंद आहे, तुमच्या पुरवठादाराला भेटा. पुरवठादार बसस्टँडबाहेर चादर पसरून बसलेला होता. इलाज असा, की ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन कॉम्प्युटरातल्या यादीतून जुन्या तारखेचा ड्रायव्हर हातानं निवडायचा.

कोड १० हा रुसलेला जावई. ओळख झाली, ड्रायव्हर बसला, पण पाटावर बसायचं नाव नाही. बहुतेकदा ड्रायव्हर चुकीच्या आवृत्तीचा असतो.

कोड ४३ मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि लोकांचे सर्वाधिक तास यातच जातात. सोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं लिहिलेलं आणि व्हेंडर आयडीच्या जागी चार शून्यं दिसली, तर पाहुण्यानं तोंडच उघडलेलं नाही. इथे ड्रायव्हर शोधणं म्हणजे मुक्याची जन्मपत्रिका काढणं. दोष केबल, पोर्ट किंवा करंटचा. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात: लाल-काळी करंटची, पांढरी-हिरवी बोलण्याची. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत बोलण्याच्या ताराच नसतात, त्यामुळे मोबाइल चार्ज होतो पण कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या वर नेऊ नये. प्रिंटर माजघरात आणि कॉम्प्युटर ओट्यावर असले शौक इथे चालत नाहीत. कॅबिनेटच्या पुढची भोकं आतल्या बारीक तारेनं जोडलेली असतात, म्हणून मागचं, थेट मदरबोर्डावरचं भोक वापरायचं. साधं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क हबला, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीला, लावून ती टकटक करायला लागली, तर तो ड्रायव्हरचा प्रश्न नाही, उपासमारीचा आहे.

एव्हाना शेजारचे काका आलेले असतात. “काय व्हयनं?” असं विचारून ते सल्ला देतात, “बंद करीसन चालू कर.” सल्ला सोन्यासारखा, पण विंडोज ८ पासून त्यात खोट शिरली आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, स्वतःचा गाभा डिस्कवर झाकून ठेवतं आणि सकाळी तोच उघडतं. दुखणं जसंच्या तसं. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं नव्यानं वाचलं जातं. हे काकांना समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही, गुपचूप रीस्टार्ट दाबतो.

आता घाईत जोडलेल्या केबलीचं पापक्षालन. केबल काढा. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. जुन्या पाहुण्यांची फिकट भुतं दिसू लागतात. त्यातलं आपलं भूत अनइन्स्टॉल करा, आणि ड्रायव्हरही पुसायचा का असं विचारणाऱ्या चौकोनात खूण कराच. ती राहिली तर विंडोज तोच सडका ड्रायव्हर पुन्हा वाढतं. प्रिंटर असेल तर विंडोज आणि आर दाबून प्रिंटयूआय, मग तिरपी रेघ देऊन एस आणि पुन्हा तिरपी रेघ देऊन टी२ लिहा (printui /s /t2). तिथल्या ड्रायव्हर्स यादीतून पॅकेजसकट काढा. ‘वापरात आहे’ म्हणून अडला, तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा कारकून, रीस्टार्ट करून लगेच पुन्हा काढा. मग विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं हे बघून कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारे ‘फुकट ड्रायव्हर अपडेटर’ कॉम्प्युटरात ढीगभर रोग दाखवतात आणि औषधाचे पैसे मागतात. त्यांच्या दारात उभंही राहू नका. इन्स्टॉलर ‘आता केबल जोडा’ म्हणेल, तेव्हाच जोडा. नेमकी तेव्हाच लाईट जाते, हे गृहीत धरा.

प्रिंट निघाली तरी एक काम उरतं. ज्या प्रिंटरला स्वतःचा सीरियल नंबर सांगता येत नाही, त्याला विंडोज तो बसला त्या जागेवरून ओळखतं. कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आधी घराची साफसफाई निघते, वायरी उपटल्या जातात, केबल शेजारच्या भोकात जाते, आणि यादीत त्याच नावाचा ‘कॉपी १’ उगवतो. प्रिंट जाते जुन्याकडे, जुना ऑफलाइन. म्हणून आमच्याकडे मागच्या डावीकडच्या खालच्या भोकाशेजारी लाल टिकली लावलेली आहे.