खरा होमरन

आज १३ ऑक्टोबर. दुपारी इथल्या, पिट्सबर्गमधल्या ओकलंड भागात भिंतीपाशी जाऊन आले आणि चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय, कारण डोकं तापलंय.

पिट्सबर्गबाहेरच्या मंडळींना आधी सांगते. फोर्ब्स फील्ड हे आपल्या बेसबॉल संघाचं, पायरेट्सचं, जुनं मैदान. ते पाडलं, पण त्याच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे. १९८५ साली एक माणूस तिथे एकटाच टेप घेऊन बसला आणि त्यानं १९६०च्या वर्ल्ड सिरीजच्या (बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेच्या), न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्याची रेडिओ कॉमेंटरी पहिल्या चेंडूपासून ऐकली. तेव्हापासून दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात. टेप एकला सुरू होते, म्हणजे पायरेट्सच्या बिल मॅझरोस्कीचा सामना जिंकून देणारा होमरन (चेंडू थेट भिंतीबाहेर, मारणाऱ्याची आणि बेसवर असलेल्या प्रत्येकाची एकेक धाव) बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी येतो, त्या दिवशी आला होता तसाच.

आज नवांपैकी आठवी इनिंग सुरू होती. पायरेट्स ७-४ ने मागे. मी खुर्चीच्या काठावर. आणि आपल्याच ओळखीतला एक जण (नाव घेत नाही, पण तू वाचतोयस) उठून म्हणाला, "अगं, अजून वेळ आहे, चल कॉफी घेऊन येऊ. खरा होमरन साडेतीनला आहे."

खरा होमरन! मग त्याच्या आधी जो झाला तो काय खोटा होता?

आमच्या शेजारी एक काका राहायचे. पेनसिल्व्हेनियातच जन्मलेले, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मी पहिल्या दिवसापासून काका म्हटलं आणि ते ओ देत राहिले. १९६० साली ते बारा वर्षांचे होते. वडील पोलादाच्या कारखान्यात, त्या दिवशी चारची पाळी. स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला, वडील कामाचे बूट चढवतायत. एका बुटाची लेस बांधून झाली होती, दुसरा हातात. तेवढ्यात पायरेट्सच्या हॅल स्मिथनं आठव्या इनिंगमधला तो होमरन मारला. वडिलांनी हातातला बूट टाकला, बारा वर्षांच्या पोराला लहान बाळासारखं उचललं आणि एका बुटानिशी ओट्याभोवती नाचले. काका सांगायचे, "आमच्या बाबांनी मला उचललं ते तेव्हाच. त्याआधी कधी आठवत नाही, नंतर कधी नाही."

ही गोष्ट मी पंचवीस वेळा तरी ऐकली असेन.

ज्यांना तो होमरन माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या बिल व्हर्डननं मारलेला चेंडू साधा जमिनीलगतचा होता, दोघं बाद व्हायचे. तो मध्येच विचित्र उसळला आणि यांकीजच्या टोनी कुबेकच्या गळ्यावर बसला. त्याला मैदान सोडावं लागलं. मग डिक ग्रोटनं एक धाव आणली. दोन बाद झाल्यावर रोबेर्टो क्लेमेंटेनं चेंडू कसाबसा खेळला, जीव खाऊन पळाला आणि पहिला बेस गाठला, कारण यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) जिम कोट्स तिथे वेळेवर पोचलाच नाही. तेवढ्यात आणखी एक धाव आली. ७-६. आणि आता कोण आलं? राखीव कॅचर, म्हणजे आपला बदली यष्टिरक्षकच म्हणा. सातव्या इनिंगमध्ये स्मोकी बर्जेसच्या जागी दुसऱ्याला पळायला पाठवलं, म्हणून आठवीत कॅचर म्हणून आत आलेला हॅल स्मिथ. यांकीजच्याच शाळेत वाढलेला, त्यांनीच १९५४ साली दुसऱ्या संघाला देऊन टाकलेला. त्यानं तो चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर घातला. तीन धावा. ९-७. १९२५ नंतर जे शहर जिंकलेलंच नव्हतं, ते त्या क्षणी जिंकलं होतं.

पुढे नवव्या इनिंगमध्ये यांकीजच्या मँटल आणि बेरानं बरोबरी केली, ९-९. हो, आघाडी टिकली नाही, मान्य. आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याच्या अगदी शेवटच्या चेंडूवर सामना जिंकून देणारा होमरन आजवर एकट्या मॅझरोस्कीनंच मारलाय, तेही मान्य. त्याचा पुतळा आहे, असावाच. माझं मॅझरोस्कीशी भांडण नाही, भला माणूस. पण सामना कितीनं जिंकला? १०-९. त्या दहांतल्या तीन कुणाच्या? त्या तीन काढून टाका आणि मग तो साडेतीनचा होमरन मारून दाखवा!

बॉस्टनच्या मैत्रिणींनो, तुम्हीही हसू नका. १९७५च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यातला तुमच्या कार्लटन फिस्कचा होमरन तुमच्या पोरांनाही पाठ आहे. चेंडू सीमेच्या खांबाच्या आत राहावा म्हणून हात हलवत धावणारा फिस्क, ते चित्र. पण आठव्या इनिंगमध्ये दोन बाद, ६-३ ने मागे असताना बदली येऊन तीन धावांचा होमरन मारून बरोबरी कुणी केली? बर्नी कार्बो. तो नसता तर सामना नवव्यातच संपला असता, फिस्कला बारावी इनिंग दिसली असती का? फिस्कच्या नावाचा खांब आहे मैदानात. कार्बोचं नाव तुमच्यातल्या किती जणींना आठवलं, खरं सांगा.

असो. चिडून काय उपयोग.

काकांचे वडील मग दुसरा बूट घालून, डबा घेऊन निघाले. इथे डोंगरउतारावर महापालिकेचे जिने आहेत ना, त्या जिन्यावरून उतरताना प्रत्येक दाराशी "स्मिथ! स्मिथ!" ओरडत गेले. मॅझरोस्कीच्या वेळी ते वाटेत होते. त्यांनी तो ऐकलाच नाही. कारखान्यात पोचल्यावर कुणीतरी सांगितलं, जिंकलो, तेव्हा त्यांना वाटलं, स्मिथचाच. रात्री घरी आल्यावर पोरानं सगळं नीट सांगितलं. ते म्हणाले, "असेल. माझा स्मिथचा." मरेपर्यंत तेच म्हणत राहिले.

तो पत्र्याचा डबा, एका कोपऱ्याला पोचा आलेला, काकांच्या खिडकीत असायचा. त्यात कपड्यांचे चिमटे.

मी सांगलीची, ट्रान्झिस्टरला कान लावून वाढलेली. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा काकांनीच मला पहिल्यांदा भिंतीपाशी नेलं. मला वाटलं, साठ वर्षांची माणसं निकाल माहीत असलेला सामना काय ऐकत बसतात! आठवी इनिंग आली तसे काका उभे राहिले. टोपी काढली. कॉमेंटेटरचा आवाज चढला आणि त्यांनी डोळे मिटले. साडेतीनला सगळे नाचत होते तेव्हा ते खुर्ची घडी करत होते.

हॅल स्मिथ २०२० च्या जानेवारीत गेले, ८९ वर्षांचे होते. त्याच वर्षी काकाही गेले. त्यांची घडीची खुर्ची त्यांच्या मुलीनं मला दिली. मी तीच घेऊन जाते.

आज कॉफीवाला निघून गेला आणि मी उभी राहिले. एकटीच, असं वाटलं. चेंडू भिंतीपार गेला, टेपवरचे हजारो लोक ओरडायला लागले, आणि मागे पाहिलं तर वॉकरवाली एक आजी दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढत उभी राहत होती. तिची नात म्हणत होती, अजून नाही, हा तो नाही. आजीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच सांगा. कॉफीचा थर्मास मी आणते, म्हणजे आठव्या इनिंगमध्ये कुणाला उठायला नको.