काचेची बडबड

सुईएवढा प्रोब दुधात बुडवायचा आणि भेसळ ओळखायची, एवढंच काम. बेळगावात हे कुणालाही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "सुई दुधाला टोचून काय कळतंय ओ?" खरं सांगायचं तर सुरुवातीला दुधाचं काहीच कळत नाही. कळतं ते काचेचं.

हे काम चालतं रामन परिणामावर: पदार्थावर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा प्रकाश त्या पदार्थाच्या खुणेप्रमाणे रंग बदलून परततो. 28 फेब्रुवारी 1928 ला तो सापडला, तेव्हा मध्ये फायबर नावाचा, काचेच्या केसाएवढ्या तारेचा दलाल नव्हता. आता 785 नॅनोमीटरचा लेझर फायबरातून सोडला की वाटेतली सिलिका, म्हणजे फायबराची काचच, आपलाच रामन प्रकाश काढत बसते. नमुन्याकडून येणारा प्रकाश कोटीत एखादा फोटॉन, आणि काच मात्र चांगली दोन मीटर. स्थळ बघायला धाडलेल्या मध्यस्थानं स्वतःच्याच मुलीचं कौतुक लावावं, तशी गत. आलेखावर 400 ते 500 प्रतिसेंटिमीटरच्या (रंग किती सरकला त्याचं हे माप) पट्ट्यात तर काचेचा डोंगरच उभा राहतो.

स्पेक्ट्रोमीटरपाशी, म्हणजे रंग वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रापाशी, फिल्टर लावून हे थांबत नाही. परावर्तित लेझर परतीच्या फायबरात शिरून तिथंही काचेला बोलतं करतो. म्हणून फिल्टर टोकालाच हवेत: जाणाऱ्या फायबरापुढे फक्त 785 सोडणारा, येणाऱ्यांपुढे 785 अडवणारा. मधला फिल्टर ठिपक्याएवढा, भोवतीचा मेदूवड्यासारखा, दोघांमध्ये धातूची बारीक नळी. ठिपका खाली पडला तर शोधू नये. दुसरा घ्यावा.

मोळी सात फायबरांची, मध्ये एक आणि भोवती सहा. प्रत्येक क्लॅडिंगसकट (बाहेरच्या काचेच्या थरासकट) 220 मायक्रॉन, म्हणजे सगळी 660. 18 गेजच्या सुईचं भोक सुमारे 840. कागदावर ऐसपैस! प्रत्यक्षात सहावं आत जाताना पाचवं मोडतं, आणि तो तुकडा डोळ्याला नाही, बोटाला सापडतो. तुकडे चिकटपट्टीवर उचलून झाकणाच्या बाटलीत टाकायचे. सुईचं तिरकं टोक सपाट करायला उद्यमबागेतल्या कारखान्यात गेलं, की एक शतांश मिलिमीटरची अचूकता ऐकून कारागीर म्हणतो, "एवढं तर चहा पितापिता उडतंय की."

मग पॉलिश. 5, 3, 1 आणि 0.3 मायक्रॉनचे कागद काचेवर ठेवून, पाणी घालून, टोक आठाच्या आकड्यात फिरवायचं. हा आठ इंग्रजी 8. मराठीतला ८ गिरवला तर टोक एकाच बाजूनं झिजतं. कन्नडातला घेऊन वाद वाढवू नये. फायबर चिकटवायचा इपॉक्सी गोंद टोकावर पसरला, तर काचेच्या जोडीला तोही बोलू लागतो.

तपासणीसाठी घेतलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर आलेखातलं शिखर बरोबर 520 ला आलं, की दुधाकडे वळायचं. भेसळीतल्या युरियाचं शिखर 1003 च्या आसपास, आणि दुधातल्या प्रथिनांमधल्या फेनिलॲलानिन या घटकाचंही तिथंच. त्यामुळे नवं शिखर शोधत बसू नये, जुनं किती वाढलं ते बघावं. फॅटचं एक 1745 ला. त्याच्या शेजारी, 1780 च्या सुमारास, आणखी एक टोकदार शिखर दिसलं, तर ती भेसळ नाही, डोक्यावरची ट्यूबलाइट आहे: तिच्यातल्या आरगॉनची रेषा. दिवे बंद, काळं कापड, आणि श्रावणातला दमट अंधार.

कुंदा, ही बेळगावची खव्याची मिठाई, मात्र मोजायला घेऊ नये. भाजून तपकिरी झालेला पदार्थ 785 लाही असा फ्लुओरेसन्स, म्हणजे स्वतःचाच पसरट उजेड, देतो की सगळी शिखरं त्यात बुडतात, वर लेझर त्याला आणखी भाजतो. कुंदा खावा.

आणि दर नमुन्यानंतर टोक कोमट पाण्यानं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावं. सायीचा पातळ थर राहिला, तर पुढच्या ग्लासातल्या साध्या पाण्यालाही 1440 ला झकास फॅट लागते. गवळ्यासमोर हे प्रात्यक्षिक करू नये.