प्रश्न हवा आहे, तोडगा नको

अमेरिकेत मी कोणत्याही पक्षाकडे नाव न नोंदवलेला मतदार आहे, आणि दर निवडणुकीत स्थलांतराच्या प्रश्नावर रंगणारा तोच कलगीतुरा ऐकून माझा संयम आता संपला आहे. सीमा सुरक्षित हवी म्हटले की मी निर्दयी ठरतो. लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांना नागरिकत्व द्या म्हटले की मी कायदाद्रोही ठरतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पटू शकत नाहीत काय?

रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये सही केलेल्या कायद्याने बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले, आणि तेवढा व्यापक तोडगा त्यानंतर निघालेलाच नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने मतदानालाही घेतले नाही. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मसुदा तयार केला, तर ट्रम्प यांनी विरोध करताच बहुतेक रिपब्लिकनांनी पाठ फिरवली. आणि २००९ मध्ये अध्यक्षपद व दोन्ही सभागृहे हाती असताना डेमोक्रॅटांनी व्यापक विधेयक मतदानाला का आणले नाही?

कायद्याने आलेल्यांचे तर कोणाला सोयरसुतक नाही. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचे परवाने) आणि प्रत्येक देशाला त्यातील ७ टक्के, ही १९९० ची मर्यादा आजही तशीच आहे. त्यामुळे पुण्या-नागपूरहून आलेली कुटुंबे वर्षानुवर्षे रांगेत अडकतात आणि येथेच वाढलेली त्यांची मुले २१ वर्षांची होताच पालकांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. या मुलांनी कोणता नियम मोडला होता?