मॅडम नसलेला ग्रुप

आज आई प्रशिक्षणावरून प्रमाणपत्र घेऊन आली. 'डिजिटल सक्षम अंगणवाडी सेविका'. लॅमिनेट केलेलं! दोन तास कुणी एक सर पडद्यावर इंग्रजी स्लाइड सरकवत होते, मग चहा-समोसा, मग फोटो. फोटोत सर मधोमध. डोकंच फिरलं माझं.

आईला अ‍ॅप कुणी शिकवलं ते मला विचारा. माळावरच्या अंगणवाडीतल्या काकूंनी. शिक्षण सातवी.

मार्च २०२१ मध्ये ते अ‍ॅप, पोषण ट्रॅकर, आलं (अंगणवाडीतल्या बाळांची वजनं, आहार, सगळ्या सरकारी नोंदी त्यातच भरायच्या) आणि ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करायला सुरुवात केली. फोन सतत हँग व्हायचे, अ‍ॅप इंग्रजीत. तेव्हा किती जण हसले होते, "बायकांना मोबाइल झेपेना" म्हणून! आपल्यातलेच, पांढरपेशे.

मग जुलै २०२५ पासून घरपोच आहार, म्हणजे बायकांनी अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा, द्यायचा तर अ‍ॅपमध्ये घेणारीचा चेहरा आधारवरच्या फोटोशी जुळायला हवा. पहिल्याच आठवड्यात एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन तासभर उभी. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, तो जुळेना. ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर, नवरा चाकणला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. आईने रडकुंडीला येऊन मला फोन केला. मी पुण्यात, आयटीत, मीटिंगमध्ये. म्हटलं, "आई, परवा सांगितलं होतं ना सगळं!" आणि ठेवून दिला.

काकूंनी नाही ठेवला. "तिला दारात उभी कर, उजेडाकडे तोंड. पदर मागे घ्यायला सांग. डोळे मिचकावायचे, पण सावकाश. आणि ओटीपीचं दुपारी एकला कर, त्याची जेवणाची सुट्टी असते. आधी त्याला फोन करून सांग, नाहीतर फ्रॉड समजून नंबर द्यायचा नाही." सरांच्या कुठल्या स्लाइडवर होतं हे?

बीटचे, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या सगळ्या अंगणवाड्यांचे, फोनवर दोन ग्रुप आहेत. एकात पर्यवेक्षिका मॅडम आहेत, तिथे फक्त "ओके मॅडम" आणि हात जोडलेले. दुसऱ्याचं नाव 'हळदीकुंकू'. त्यात मॅडम नाहीत. तिथे रात्री नऊनंतर, भांडी आवरून, व्हॉइस मेसेज सुरू होतात. टायपिंगला वेळ कुणाकडे आहे? "वजन भरलं पण सेव्ह होईना" असं कुणी म्हटलं की तिघी उत्तर देतात, आणि एकीलाही "एवढंही येत नाही का" म्हणावंसं वाटत नाही. अडलेलं कबूल करायला लाज वाटत नाही, अशी ती एकच जागा आहे त्यांची.

हो, अ‍ॅपमुळे बाळाचं वजन घसरलं की लगेच दिसतं, मान्य. आणि ग्रुपवर चुकीचं पण पसरतं, एकदा कुणीतरी अ‍ॅप काढून परत टाकायला सांगितलं नि दोघींच्या दिवसभराच्या नोंदी गेल्या. गेल्या तर गेल्या. दुसऱ्या दिवशी चौघींनी बसून परत भरल्या.

लिहिता लिहिता कळतंय, राग त्या सरांवर कमी आहे. ती बाळंतीण तासभर उभी होती आणि मी फोन ठेवला होता. आईने एका शब्दाने काढलं नाही कधी.

प्रमाणपत्र आईने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलंय. आत्ता तिचा फोन वाजला, काकूंचा आवाज, मागे कुकरची शिट्टी: "बायांनो, नवीन अपडेट आलंय. उद्या सकाळपर्यंत कुणी दाबू नका. आधी मी करून बघते."