रेवदंड्याला थांबत जा हो!

अलिबागहून काशीदकडे निघालेल्या गाड्या रेवदंड्यात फक्त वेग कमी करतात, तोही रस्ता अरुंद म्हणून. आपण किल्ल्याच्या वेशीतून आत शिरलो हे गाडीतल्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. वर विचारणार, "रेवदंड्यात बघायला आहे काय?"

अहो, गाव म्हणजेच किल्ला. तटाच्या आत घरं आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यातच पोर्तुगीज चर्चच्या भिंती उभ्या आहेत. (वाड्या खाजगी आहेत. हाक मारा, विचारा, मग आत पाऊल टाका.) सातखणी बुरुजाचे सातही खण आता उरले नाहीत, तरी मान वर करायला लावतो.

चौल-रेवदंडा हे मुळात एकच जुनं बंदर. वास्को द गामा यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. १५०८ मध्ये इथल्याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला. शनवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं, सिनेगॉगही याच गावात. इतकं सगळं असताना लोकांना हवी असते पांढरी वाळू आणि बनाना राइड! असू दे, काशीदला माझी ना नाही. पण इतिहासाची आवड आहे म्हणणारेही थेट जंजिऱ्याला पळतात, ते मात्र पटत नाही.

तटाच्या समुद्राकडच्या बाजूने चालायचं तर ओहोटी हवी. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे संध्याकाळी फिरायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा.

सकाळ कोर्लईसाठी ठेवा. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की आलंच. दीपगृहाकडून चढ थोडाच आहे. किल्ला लांबट, निमुळता. वर उभं राहिलं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. पण मला किल्ल्याहून खालचं गाव जास्त नवलाचं वाटतं. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, तरी तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमधून घडलेली, मराठी वळणाची बोली बोलतात. मुलांच्या तोंडून ती कानावर पडली तर थांबून ऐका. मोबाइल मात्र लगेच त्यांच्या तोंडासमोर धरू नका.

परतताना चौलचं रामेश्वर मंदिर आणि समोरची पुष्करणी. जंजिरा पुढच्या खेपेला केलात तरी चालेल.